मोंसिन्योर दालगाद आणि आपले शब्द

(देवस्थानच्या सभामंडपात दिलेले व्याख्यान. स्मरणिकेसाठी थोडे आवरून लिहिले आहे.)



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर लागला त्या दिवशी आपल्यातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला पायऱ्यांवर थांबवून विचारले, "अहो, देवाच्या मंडपात पाद्र्याचे चरित्र कशासाठी?" प्रश्न रास्त होता. १५४० च्या सुमारास तिसवाडीतील आणि १५६७ साली साष्टीतील देवळे पाडली गेली; आपल्या पूर्वजांनी देव डोक्यावर घेऊन खाडी ओलांडली व अंत्रुजेत येऊन ते पुन्हा स्थापिले. ही हकीकत आपल्या घराघरांत आजीच्या तोंडून ऐकलेली आहे. ती विसरा असे सांगण्यासाठी मी उभा राहिलेलो नाही. परंतु ज्या विद्वानाविषयी मी बोलणार आहे, त्याने आयुष्यभर केलेल्या कामाचा धागा आपल्या महाजनकीच्या कागदपत्रांपर्यंत, इतकेच नव्हे तर या मंडपात उच्चारल्या जाणाऱ्या शब्दांपर्यंत येऊन पोहोचतो. तो धागा दाखविणे एवढाच माझा हेतू आहे. लिसेंवात घोकून घेतलेल्या पोर्तुगीजचा नोकरीखेरीज दुसरा काही उपयोग मला झाला असेल, तर तो या एका माणसाचे ग्रंथ वाचण्यासाठी झाला.

मोंसिन्योर सेबास्तियांव रोदोल्फ दालगाद यांचा जन्म ८ मे १८५५ रोजी बार्देशातील आसगाव येथे झाला. शिक्षण राशोलच्या सेमिनारीत झाले. याच राशोलला १६१६ साली फादर स्टीफन्सचे मराठी क्रिस्तपुराण छापले गेले होते, हे आपणांस ठाऊक आहे. १८८१ साली त्यांना पाद्रीपदाची दीक्षा मिळाली. पुढे रोमला जाऊन त्यांनी धर्मशास्त्र-कायद्यातील उच्च पदवी मिळविली व १८८४ नंतर पोर्तुगालच्या पाद्रुआदच्या वतीने धर्मकार्यासाठी ते हिंदुस्थानात परतले. सिलोन, बंगाल, होनावर अशा ठिकाणी त्यांच्या नेमणुका झाल्या. आजच्या भाषेत सांगायचे तर ही बदल्यांची नोकरी होती. बदली झालेला अधिकारी पहिले वर्ष कुरकुरतो आणि दुसऱ्या वर्षी परतीच्या खटपटीला लागतो, हे मी जवळून पाहिले आहे. दालगादांनी मात्र जेथे नेमणूक झाली तेथील बोलणे कान देऊन ऐकले आणि टिपून ठेवले.

या काळातील त्यांचे पहिले मोठे फळ म्हणजे १८९३ सालचा कोंकणी-पोर्तुगीज कोश. हा कोश छापला गेला मुंबईला, आणि तोही इंदुप्रकाश छापखान्यात. १८६२ सालापासून मराठी-इंग्रजी इंदुप्रकाश पत्र ज्या नावाने निघत होते, तेच हे नाव. कोशाच्या नावातच त्यांनी दोन गोष्टी घोषित केल्या आहेत: हा कोश शब्दांची व्युत्पत्ती देणारा आहे, आणि तो देवनागरी वर्णमालेत रचलेला असून रोमन लिप्यंतर सोबत दिलेले आहे. क्षणभर विचार करावा. गोव्यातील ख्रिस्ती समाज कोंकणी लिहिताना रोमन लिपी वापरीत होता. सुशिक्षित म्हणविणारा वर्ग, हिंदू असो की ख्रिस्ती, तिला चाकरांची भाषा समजत होता. त्याआधी २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने तीन वर्षांच्या आत देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलावे असा आल्व्हारा काढलेला होता. त्या फर्मानाला दोनशे नऊ वर्षे उलटल्यावर एक गोंयकार पाद्री प्रत्येक कोंकणी शब्द देवनागरीत मांडतो आणि त्याचे संस्कृतातील मूळ शोधतो. १८५८ साली कुन्य रिव्हारा यांनी कोंकणी भाषेवर ऐतिहासिक निबंध लिहून वाट मोकळी केली होती, हे खरे. पण निबंध लिहिणे वेगळे आणि हजारो शब्द एकेक करून कोशात बसविणे वेगळे. दुसरे काम कारकुनी आहे. मी कारकून असल्यामुळे त्याची किंमत मला थोडी अधिक कळते.

१८९५ च्या सुमारास ते लिस्बनला गेले. १९०५ साली तेथील सरकारी छापखान्यातून उलट बाजूचा, म्हणजे पोर्तुगीज-कोंकणी कोश निघाला. मधल्या काळात, १८९७ साली, हितोपदेशाचे पोर्तुगीज भाषांतर प्रसिद्ध झाले. १९०७ साली तेथील उच्च वाङ्मय अभ्यासक्रमात संस्कृतचे अध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. लिस्बनमध्ये संस्कृत शिकविणारा आसगावचा पाद्री! परंतु ज्या कामामुळे जगातील भाषाशास्त्रज्ञ आजही त्यांचे नाव घेतात, ते संस्कृतचे नव्हे. ते काम अशा बोलींवर आहे, ज्यांना त्या काळी कोणी भाषाच म्हणत नव्हते.

पोर्तुगीजांची जहाजे जेथे जेथे लागली, तेथे तेथे शिपाई, खलाशी, त्यांच्या देशी बायका, गुलाम आणि मुले यांच्यात एक मिश्र बोली जन्मास आली. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण रचना निराळी. तिला क्रियोल म्हणतात. सिलोनमधील पोर्तुगीजांची सत्ता १६५८ साली संपली, डच आले, नंतर इंग्रज आले. तरी तेथील काही घरांत ही बोली चालूच राहिली. लिस्बनचे पंडित तिला मोडकी पोर्तुगीज म्हणून हसत. आस्ट्रियातील ग्रात्स येथील हुगो शुखार्ट या विद्वानाने १८८० नंतरच्या दशकात कोची, दीव अशा ठिकाणच्या बोलींचे नमुने पत्रांनी मागवून घरबसल्या अभ्यास केला होता. दालगादांची तऱ्हा निराळी: सिलोनमध्ये ते स्वतः राहिलेले होते. वास्को द गामाच्या सागरी मार्गाला चारशे वर्षे झाली म्हणून लिस्बनमध्ये स्मारक-ग्रंथांची रांग लागली होती. त्या मालिकेत १९०० साली दालगादांनी दिलेले पुस्तक पराक्रमाची गाथा नव्हती. ते सिलोनच्या त्या तथाकथित मोडक्या पोर्तुगीजचे वर्णन होते. त्याच वर्षी गोव्याच्या पोर्तुगीजवर लेख आला, १९०३ साली दमणच्या बोलीवर, १९०६ साली मुंबई-वसईकडच्या म्हणजे 'उत्तरे'च्या बोलीवर, आणि १९१७ साली नागपट्टणच्या बोलीवर.

या बोलींचे वैशिष्ट्य एका उदाहरणाने सांगतो. लिसेंवात पोर्तुगीज क्रियापदांची रूपे पाठ करताना आम्हांस घाम फुटत असे. पुरुष, वचन, काळ, अर्थ, आणि वर अपवादांची पलटण. सिलोनच्या बोलीने हा सारा पसारा टाकून दिला. क्रियापद एकच ठेवले आणि त्याच्यापूर्वी तीन छोटे शब्द योजिले: वर्तमानाला 'ते', भूतकाळाला 'जा', भविष्याला 'लो'. यांतील 'जा' म्हणजे पोर्तुगीजातील 'आधीच' या अर्थाचा शब्द, आणि 'लो' म्हणजे 'लवकरच' या अर्थाच्या 'लोगु'चा तुकडा. यात मोडतोड कोठे आहे? हा तर नियम आहे, आणि लिस्बनच्या नियमापेक्षा अधिक आटोपशीर आहे. दालगादांनी अशा बोलींचे व्याकरण मांडले, शब्दसंग्रह दिले, लोकांच्या तोंडची गीते आणि म्हणी टिपल्या.

येथे मला माझी एक चूक कबूल केली पाहिजे. गोवा, दमण व दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश होता त्या काळात माझी काही महिन्यांसाठी दमणला बदली झाली होती. मोटी दमणच्या किल्ल्याजवळ राहणारी एक वृद्ध ख्रिस्ती बाई काही दाखल्यासाठी कचेरीत येत असे. ती तिच्या बोलीत बोले आणि मी लिसेंवच्या ऐटीत तिची वाक्ये दुरुस्त करून तिलाच परत ऐकवीत असे. तिने कधी प्रत्युत्तर केले नाही. मान डोलावून दाखला घेऊन गेली. पुष्कळ वर्षांनी दालगादांचा १९०३ चा दमणवरील लेख माझ्या हाती आला, तेव्हा मी जी रूपे चुकीची म्हणून दुरुस्त केली होती त्यांच्यासारखीच रूपे तेथे नियम म्हणून मांडलेली दिसली. त्या बाईचे नावही मला आता आठवत नाही.

वास्तविक असा अनुभव मी स्वतः घेतलेला होता, म्हणून तरी मला शहाणपण सुचावयास हवे होते. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका खाजन जमिनीच्या बांधाविषयी मला पोर्तुगीजमध्ये टिपण लिहावयाचे होते. बांध फुटला नव्हता, 'मानस' नादुरुस्त झाली होती. मी 'मानस' हाच शब्द लिहिला. वरिष्ठांनी तांबड्या शाईने तो खोडून 'कोंपोर्ता' लिहिले आणि शेरा मारला की, स्वयंपाकघरातील शब्द सरकारी कागदावर नकोत. आता शेतकरी घरातील महाजनांना मी काय सांगावे? कोंपोर्ता म्हणजे पाणी अडविणारे कोणतेही दार. मानस म्हणजे खाडीच्या भरतीने स्वतः मिटणारे आणि ओहोटीला आतले पाणी बाहेर सोडण्यासाठी स्वतः उघडणारे लाकडी दार. ती माणसाने दिवसातून दोनदा उघडावी-मिटावी लागत नाही. समुद्रच तिचा पहारेकरी असतो. शब्द खोडला की ही सगळी करामत खोडली जाते. ते टिपण वाचून दुरुस्तीचा अंदाज करणाऱ्या माणसाला दाराच्या बिजागऱ्या आणि पाण्याचा दाब यांचा संबंध कोठून कळणार? अशा शब्दांना दालगादांनी काय न्याय दिला, ते आता सांगतो.

त्यांचा सर्वांत मोठा ग्रंथ म्हणजे 'ग्लोसारिउ लुझो-आझियातिकु'. याचा पहिला खंड १९१९ साली व दुसरा १९२१ साली कोइंब्रा विद्यापीठाच्या छापखान्यातून निघाला. पूर्वेकडील भाषांतून पोर्तुगीजमध्ये आलेले शब्द त्यात आहेत: मूळ कोणत्या भाषेतले, पोर्तुगीज ग्रंथांत कोणत्या लेखकाने कोणत्या साली कसे वापरले, अर्थ कसा पालटला. म्हणजे माझ्या वरिष्ठांना जे शब्द कागदावर नको होते, त्याच जातीचे शब्द पोर्तुगीज बखरकारांनी चारशे वर्षे बिनदिक्कत वापरले होते, आणि दालगादांनी त्यांची साक्षीपुराव्यानिशी नोंद केली. गांवकाराचा 'गांकार' तेथे आहे.

मी त्या ग्रंथात सर्वांत आधी कोणता शब्द पाहिला असेल, याची कल्पना आपण करू शकाल. 'पागोद'. आपल्या देवळांना पोर्तुगीज पागोद म्हणत. मूर्तीलाही पागोद म्हणत. आणि दक्षिणेतील होनासारख्या सोन्याच्या नाण्यालाही तेच नाव. देवळे पाडण्याच्या हुकमांत हाच शब्द येतो. तो आला कोठून? यावर विद्वानांची मतभिन्नता मोठी आहे. कोणी फारसी 'बुतकदा' म्हणजे मूर्तीचे घर असे सांगतात, कोणी सिंहली 'दागब'कडे बोट दाखवितात, आणि कोणी म्हणतात की हा शब्द 'भगवती'चाच अपभ्रंश आहे. तिसरे मत खरे धरले, तर ज्यांनी देवळे पाडण्याचे हुकूम लिहिले त्यांनी प्रत्येक हुकमात, नकळत, देवीचे नाव लिहिले! हे वाचले त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही.

तसाच दुसरा शब्द आपल्या अगदी उंबऱ्यावरचा आहे. १९३३ सालच्या ज्या रेगुलामेंताप्रमाणे आपल्या देवस्थानांचा कारभार चालतो, त्यात आपल्या संस्थेला 'माझानिया' म्हटले आहे. कारकून म्हणून मी हा शब्द कितीदा लिहिला असेल याला गणती नाही, आणि तो शुद्ध पोर्तुगीज आहे अशीच माझी समजूत होती. वास्तविक महाजनाचा बोलीत म्हाजन झाला, म्हाजनाचा पोर्तुगीज कानांनी 'माझान' केला, त्याला आपल्याकडील प्रत्यय लावून संस्था बनविली, आणि तो कोट चढवून आपला महाजन आपल्याच कचेरीत परत आला. आपण त्याला ओळखले नाही.

याच्या उलट दिशेचा हिशेबही दालगादांनी मांडला आहे. १९१३ साली कोइंब्रालाच प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी सुमारे पन्नास आशियाई भाषांत पोर्तुगीज शब्द कसकसे शिरले ते दाखविले. हा ग्रंथ अँथनी झेवियर सुआरिश यांनी इंग्रजीत आणला व १९३६ साली तो बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत निघाला. बडोद्याहून आज येथे जत्रेला आलेल्या आपल्या महाजनांना याचा अभिमान वाटावा. पुण्याचा माणूस पाव, बटाटा, हापूस, चावी, घमेले, पगार हे शब्द दिवसभर उच्चारतो आणि त्यांतला प्रत्येक पोर्तुगीजांकडून आला हे त्याच्या मनातही येत नाही. 'लिलाव' हाही पोर्तुगीजांकडूनच आला. त्यांनीही तो अरबांकडून उचलला होता. गंमत अशी की, ज्या गोव्यात पोर्तुगीज साडेचारशे वर्षे राहिले, त्या गोव्याच्या देवळांत आपण जत्रेच्या वेळी लिलाव म्हणत नाही, पावणी म्हणतो. हा जुना शब्द देवाच्या आडोशाने टिकून राहिला.

आता एक नाजूक गोष्ट. दालगाद कोंकणीला मराठीची बोली मानीत नव्हते, स्वतंत्र भाषा मानीत होते. आपल्यातील कित्येकांना हे मत रुचणार नाही. आपली आरती मराठी, कीर्तन मराठी, पोथी मराठी, ही स्मरणिकाही मराठी. तरुणपणी याच मतामुळे मी दालगादांचा कोश हातात घेतला नव्हता, हे सांगितले पाहिजे. १९८७ चा राजभाषा कायदा झाला, १९९२ साली कोंकणी घटनेच्या आठव्या अनुसूचीत गेली, आणि त्या वादात आपल्या एकाच कुटुंबातील भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाल्याचे मी पाहिले. तो वाद या मंडपात मी उकरून काढणार नाही. एवढेच म्हणतो की, शब्द टिपून ठेवण्यासाठी वादाचा निकाल लागण्याची वाट पाहावी लागत नाही. मराठीचा अभिमानी म्हणूनच मला वाटते की, आपल्या आयांनी मरताना बरोबर नेलेले शब्द, त्यांना कोणत्याही भाषेचे म्हणा, आपलेच होते.

दालगादांच्या अखेरच्या वर्षांविषयी सांगितल्यावाचून राहवत नाही. आजाराने त्यांचा एक पाय कापावा लागला, पुढे दुसराही. दोन्ही पाय गेल्यानंतर त्यांनी ग्लोसारिउचे दोन्ही खंड छापखान्यातून बाहेर काढले. ज्यांनी एखाद्या कोशाची किंवा साध्या महाजन-नोंदवहीची मुद्रितशोधने केली असतील त्यांना कळेल की, धडधाकट माणसाचीही या कामात कंबर मोडते. ४ एप्रिल १९२२ रोजी लिस्बनमध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांचा कोंकणी म्हणींचा संग्रह प्रसिद्ध झाला. लिस्बनच्या थंडीत खुर्चीला खिळलेला हा वृद्ध शेवटी कशापाशी आला होता, तर बार्देशातील बायकांच्या म्हणींपाशी.

त्यांनी टिपलेल्या बोलींपैकी काहींचा आवाज आज थांबला आहे, काही तग धरून आहेत. सिलोनच्या पूर्व किनाऱ्यावर बट्टिकलोआकडे काही कुटुंबे अजून ती बोली जाणतात. आणि आपल्या महाराष्ट्रातच, रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई गाव आहे. चौलचा मुलूख १७४० साली मराठ्यांच्या हाती आला, पोर्तुगीज निघून गेले. पण कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत आजही घरोघर पोर्तुगीज मुळाची बोली चालते. इतकी वर्षे मराठीच्या शेजारी राहून ती आता क्रियापद वाक्याच्या शेवटी टाकते, अगदी आपल्यासारखे. क्लेमेंट्स नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने तेथे जाऊन अभ्यास केला व १९९६ साली त्यावर ग्रंथ लिहिला. मुंबईहून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर असलेल्या त्या गावाच्या बोलीची आपल्या कितीजणांना वार्ता होती?

गेल्या श्रावणापासून मी एक साधी लांब वही घेतली आहे. ती अग्रशाळेच्या खालच्या खोलीत, कचेरीच्या टेबलावर ठेवलेली असते. देवळातील, शेतातील आणि चुलीजवळील जे शब्द नव्या पिढीच्या तोंडी राहिलेले नाहीत, ते तीत उतरवावे असा बेत आहे. शब्द, कोण बोलत असे, कोणत्या गावी, आणि अर्थ. पहिल्या पानावर तांबड्या शाईने 'मानस' लिहिले आहे. गर्भकूड, मखर, प्रसाद-पाकळी यांची पाने झाली. 'लालखी'च्या पानावर मात्र अडलो आहे. पालखी आणि लालखी यांत नेमका भेद काय आणि कोणत्या दिवशी देवाने कशात बसावे, याविषयी दोन वयोवृद्ध महाजनांनी मला दोन परस्परविरुद्ध मते सांगितली. दोन्ही मी त्यांच्या शब्दांत लिहून घेतली आहेत. तिसरे मत ज्यांचे असेल, त्यांनी कृपा करून आज आरतीपूर्वी मला भेटावे.